काटेमास्तरांचा घरचा काटा

काटेमास्तरांचं खरं नाव पोस्टमन सोडला तर कुणाच्याही तोंडी नव्हतं. एकतीस वर्षं ते वजनकाटे दुरुस्त करत आले होते. भंगारवाल्याच्या आवारातल्या अवाढव्य काट्यापासून औषधांच्या कारखान्यातल्या, काचेच्या पेटीत बसवलेल्या नाजूक तराजूपर्यंत सगळे त्यांच्या हाताखालून जायचे. मास्तर 'बरोबर' म्हणाले की तो काटा बरोबर, त्यावर पुढे कुणी बोलायचं नाही. त्यांच्या पितळी वजनांच्या पेटीला आतून मखमल होती आणि त्यातल्या वजनाला ते उघड्या हाताने कधी शिवत नसत. चिमट्याने उचलायचे, चिमट्याने ठेवायचे. बोटाचा घाम लागला तरी वजन बदलतं, असं ते सांगायचे, आणि ते खरंही आहे.

एवढी सगळी काट्यांची संगत, पण मास्तर स्वतः मात्र बारा वर्षांत एकाही काट्यावर चढले नव्हते. कुणी विचारलं तर म्हणायचे, दुसऱ्यांची वजनं करता करता स्वतःच्या वजनाला वेळच होत नाही. बोलताना पोट आधी हसायचं, मागून मास्तर हसायचे.

तर अशा या मास्तरांना इसब झाला. पहिल्यांदा कोपराच्या खोबणीत, मग मानेवर, मग पोटाच्या घडीखाली, आणि शेवटी जिथे व्हायला नको तिथेच, दोन्ही हातांच्या पाठीवर. कातडी लाल व्हायची, कोरडी पडायची आणि तिचे पापुद्रे सुटायचे. खाज तर अशी, की समोर साक्षात परमेश्वर उभा राहिला असता तरी मास्तरांनी आधी एक मिनिट मागून घेतलं असतं. देवाने माणसाला दहा बोटं दिली, पण पाठीच्या बरोब्बर मधोमध पोचेल असं त्यातलं एकही दिलं नाही. यात त्याने काहीतरी शिकवण ठेवली असणार. मास्तरांना ती सापडेना, म्हणून ते दाराच्या चौकटीला पाठ घासायचे.

खाजेचं एक वेळ सोसलं असतं. पण एका सोमवारी औषधांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत भलतंच झालं. मास्तर तिथल्या तराजूची तपासणी करत होते. हा तराजू म्हणजे त्यांचा लाडका. मिलिग्रॅमचाही दहावा भाग दाखवणारा, समोर कुणी शिंकलं तरी आकडा हलवणारा. रिकाम्या पारड्यावर शून्य यायला हवं, तर आकडा आला तीन मिलिग्रॅम. मास्तरांनी पुन्हा शून्य केलं. पुन्हा दोन मिलिग्रॅम. प्रयोगशाळेच्या मुख्य बाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी भिंग घेतलं, वाकून पाहिलं आणि मऊ ब्रशने पारड्यावरून काहीतरी उचललं. पांढरा, कागदासारखा पातळ पापुद्रा. मास्तरांच्या हाताचा.

बाई तोंडाने गोड होत्या, पण कामाला कडक. हातमोजे घातले तर मास्तरांच्या हाताला आतून घाम येऊन कातडी आणखी चिघळायची, तेही त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मास्तरांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं, की इथे औषधाची मात्रा ठरते, चुकून कुणाच्या पोटात भलतं गेलं तर तुम्हालाही चालणार नाही आणि मलाही. तीन महिन्यांनी पुढची तपासणी. तोवर हात बरे झाले तर या, नाहीतर दुसरा माणूस बघावा लागेल.

मास्तर घरी आले ते एवढंसं तोंड करून. नाजूक तराजू गेले म्हणजे मागे राहणार भंगार, सिमेंट आणि बटाट्याची पोती. एकतीस वर्षांत कमावलेलं कसब तिथे कुणाला दाखवायचं? बायकोने विचारलं तर आधी डोकं दुखतंय म्हणाले, मग सगळं सांगून टाकलं. ती शाळेत ग्रंथपाल होती, नुकतीच निवृत्त झालेली. घरातला मिठाचा डबासुद्धा ती चिठ्ठी लावल्याशिवाय फळीवर ठेवत नसे. तिने दुसऱ्याच दिवशी त्वचेच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टर निघाली मास्तरांच्या भाचीच्या वयाची. तिने हात पाहिले, कोपर पाहिलं, मान पाहिली आणि म्हणाली, "काका, जरा काट्यावर चढा."

मास्तर म्हणाले, इसब हाताला झालाय, पायाला नाही. डॉक्टर हसली, पण बोट काट्याकडेच राहिलं. मास्तर चढले. एकशे चार.

"हा काटा पुढे आहे, जास्त दाखवतो," मास्तर म्हणाले.

डॉक्टर म्हणाली, असेलही. मग मास्तरांनी पिशवीतून पेटी काढली, चिमट्याने वजनं काढली, काट्यावर मांडली. बाहेर पाच पेशंट ताटकळत होते. मास्तर गुडघ्यावर बसून शांतपणे तपासत होते. तपासून झाल्यावर ते वजनं पुन्हा पेटीत ठेवायला लागले. बायकोनेच खोदून विचारलं, तेव्हा कळलं की काटा अर्धा किलो मागे होता. म्हणजे एकशे साडेचार. जाता जाता मास्तरांनी तो बरोबरही करून दिला.

डॉक्टरने मग समजावून सांगितलं. इसब वजनानेच होतो असं नाही, काटकुळ्या माणसालाही होतो, लहान बाळालाही होतो. पण मोठ्या माणसांत, अंगावर चरबी जास्त असली की तो जास्त दिसतो आणि लवकर हटत नाही, असं पाहण्यात आलंय. ही चरबी काही मुकाट्याने पडून राहत नाही. ती शरीरात बारीक बारीक आग धुमसत ठेवते आणि कातडी आधीच चिडकी असली की त्या आगीने आणखी चिडते. वर घड्यांमधला घाम. मलम तर लावायचंच, अंघोळ झाल्या झाल्या अंगाला ओलावा धरणारं क्रीमही चोपडायचं. पण सोबत आठेक किलो उतरवले तर मलमाचं काम सोपं होईल. उतरवाच असं नाही म्हणत, उतरवून बघा म्हणते.

मास्तरांना ते पटलं नाही. हाताच्या पाठीवरच्या डागाचं आणि पोटाचं नातं कसलं? पण बायकोला पटलं होतं, आणि त्या घरात तेवढं पुरे असायचं. ठरलं असं, की दर रविवारी सकाळी घरच्या काट्यावर मास्तरांचं वजन करायचं आणि आकडा कॅलेंडरवर लिहायचा.

घरचा काटा जुना, स्प्रिंगचा, गोल तबकडीचा. कुठल्याशा बंद पडलेल्या दवाखान्यातून मास्तरांनी तो आणला होता आणि स्वतःच्या हाताने नीट केला होता. पहिल्या रविवारी त्यावर मास्तर चढले आणि काटा एकशे पाचला जाऊन थांबला. म्हणजे आठवडाभर उकडलेल्या भाज्या खाऊन अर्धा किलो वाढलं. बायकोने काही न बोलता आकडा लिहिला. ती बोलली असती तर बरं झालं असतं. वाढलेला अर्धा किलो कुठून आला हे मास्तरांना नेमकं माहीत होतं. कोपऱ्यावरच्या बेकरीतून आला होता, लोण्याच्या बिस्किटांच्या रूपाने.

मोह कसा येतो पाहा. तो काही शिंगं लावून येत नाही. तो आपल्याच हत्यारांच्या पेटीतून येतो आणि आपल्याच आवाजात बोलतो. दुसऱ्या शनिवारी दुपारी बायको भाजी आणायला गेली होती. मास्तर काट्याला तेल द्यायला म्हणून बसले. तेल दिलं. मग मनात आलं, एकतीस वर्षांत आपण कुणाचा काटा वाकडा केला नाही. दुकानदारांनी हातापाया पडून सांगितलं, तरी नाही. पण हा तर घरचा. यावर ना कुणी काही विकतं, ना कुणी घेतं. इथे फसणार कोण? आपणच ना? आणि आपली तर तक्रार नाही.

नुसतं शून्य मागे सरकवलं असतं तर रिकामा काटा शून्याच्या अलीकडे उभा राहिला असता आणि बायकोच्या नजरेतून सुटला नसता. मास्तर तसले कच्चे नव्हते. त्यांनी तळ उघडला, आतल्या तरफेचा हूक तांदळाच्या दाण्याएवढा सरकवला आणि बंद केला. आता रिकाम्या काट्यावर शून्य ते शून्यच, पण वजन ठेवलं की दर किलोमागे थोडं कमी. कारागिरी अशी, की कुणाला दाखवता येत नाही याचंच मास्तरांना वाईट वाटलं.

रविवारी काटा एकशे तीनवर. बायकोने आकडा लिहिला आणि शेजारी बारीकशी बरोबरची खूण केली. त्या खुणेने मास्तरांना असं काही भरून आलं, की त्यांनी संध्याकाळी तीन बिस्किटं जास्त खाल्ली. पुढच्या शनिवारी पुन्हा तेल. मग तर दर शनिवारी तेल. एवढं तेल त्या काट्याने जन्मात पाहिलं नव्हतं. सहाव्या रविवारी कॅलेंडरवर साडेनव्याण्णव लागले. शंभराच्या आत आल्याबद्दल मास्तरांनी स्वतःचाच सत्कार केला, बेकरीच्या मागच्या बाकावर, केकचा मोठा तुकडा घेऊन.

इसब मात्र कॅलेंडर वाचत नव्हता. मलमाने जरा दबायचा, पुन्हा वर यायचा. मास्तर मनाशी म्हणायचे, बघा, वजन उतरलं तरी खाज आहेच. मग लक्षात यायचं की वजन उतरलेलंच नाही. मग खाज आणखी सुटायची.

याच सुमारास घरात एक नवल घडायला लागलं. बायको गोड वागायला लागली. टोमणे बंद झाले. ओला टॉवेल पलंगावर टाकला तरी ती उचलून ठेवायची आणि वर मास्तरांकडे पाहून हसायची. आपल्या ताटातला बटाटा त्यांच्या ताटात सरकवायची. एके दिवशी तिने त्यांना कपडे धुण्याच्या यंत्रासमोर उभं केलं आणि कुठलं बटण कशाला ते शिकवलं. दुसऱ्या दिवशी भात लावायला शिकवलं. तिसऱ्या दिवशी कपाटातली सगळी कागदपत्रं रंगीत पाकिटांत घालून प्रत्येकावर चिठ्ठी डकवली आणि कुठलं कुठे ते त्यांच्याकडून दोनदा म्हणून घेतलं. मास्तरांना वाटलं, बहिणीकडे महिनाभर जायचा बेत दिसतो. त्यांनी तसं विचारलंही. ती म्हणाली, "हो, जावं लागेलसं वाटतं." आणि भाजी ढवळायला लागली. खरं सांगायचं तर मास्तरांना मनातून बरंच वाटलं. महिनाभर रविवारचं वजन नाही.

डॉक्टरकडे दुसऱ्यांदा जायचा दिवस आला. डॉक्टरने हात पाहिले, थोडा फरक आहे म्हणाली, बायकोने सोबत आणलेल्या कॅलेंडरवरचे आकडे पाहिले, काटेमास्तरांच्या घरचे आकडे म्हणून पुन्हा काट्यावर चढवलं नाही, आणि कपाळाला आठ्या घातल्या. इतकं उतरलं तर कातडीवर आणखी उतार दिसायला हवा होता. कदाचित आता पोटात घ्यायची जोरकस औषधं सुरू करावी लागतील, त्याआधी रक्त तपासावं लागेल. मास्तर छताकडे बघत होते.

तेवढ्यात बायकोने पदर सारखा केला आणि म्हणाली, "डॉक्टर, तुमचं ते काम नव्हे, पण एक विचारू का?"

तिने सांगितलं ते असं. तीही महिन्यातून एकदा घरच्या काट्यावर चढायची. पूर्वी अठ्ठावन्न होती, कित्येक वर्षं अठ्ठावन्न. गेल्या महिन्यात छप्पन्न झाली. काल पाहिलं तर चोपन्न आणि पाऊण. खाणं तेच, काम तेच. तिची थोरली बहीण अशीच, काही कारण नसताना उतरत गेली होती आणि वर्षभरात गेली. यांना सांगितलं नाही, म्हणाली, यांची आधीच कामाची काळजी चाललीय. आणि तिने नखाने टेबलाची कड खरवडली.

बहिणीकडे जायचा बेत म्हणजे कुठल्या बहिणीकडे, ते मास्तरांना आत्ता कळलं. कपडे धुण्याचं यंत्र, भात, रंगीत पाकिटं, बटाटा, सगळं एकदम कळलं. काटा माणूस बघून खोटं बोलत नाही, हे एकतीस वर्षं ते लोकांना सांगत आले होते. त्याला एकदा खोटं शिकवलं की तो सगळ्यांशी सारखंच खोटं बोलतो. शिकवताना हे एवढंच त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

डॉक्टर गंभीर झाली. तिने चिठ्ठीचा कागद ओढला आणि एका मोठ्या डॉक्टरांचं नाव लिहायला लागली. अमुक तपासणी, तमुक तपासणी. मास्तरांच्या मनाने तेवढ्यात शेवटची उडी मारून पाहिली. काय बिघडतं, तपासण्या स्वच्छ येतील, ती सुटकेचा निःश्वास सोडेल, शनिवारी तेल देऊन टाकू, कुणाला कळायचंही नाही. मग त्यांनी बायकोच्या हाताकडे पाहिलं. तो मांडीवर दुसऱ्या हाताला घट्ट धरून बसला होता.

"थांबा," मास्तर म्हणाले. "तिला काही झालेलं नाही. काटा मी वाकवलाय."

मास्तरांनी मग सगळं सांगितलं, शनिवार, तेल, तरफ, तांदळाचा दाणा, बेकरी. दर किलोमागे किती कमी दाखवतो तेही सांगितलं, आणि अठ्ठावन्नाचे पावणेपंचावन्न कसे होतात ते तोंडी करून दाखवलं. हिशोब अचूक होता. एवढा अचूक हिशोब आणि एवढा मूर्ख माणूस एका खुर्चीत डॉक्टरने पूर्वी पाहिला नसावा.

बायको उठली. चपला काढून दवाखान्याच्या काट्यावर चढली. अठ्ठावन्न. ती उतरली, चपला घातल्या, आणि पहिल्यांदाच मास्तरांकडे पाहिलं.

"आता तुम्ही चढा."

एकशे सहाला थोडे कमी. डॉक्टरने तोंडावर रुमाल धरला होता. खोकला आलाय असं ती म्हणाली.

रस्त्यात बायको भराभर पुढे चालली होती. मास्तर दोन पावलं मागून चालत होते आणि जन्मात पहिल्यांदा त्यांना खाज सुटलेली असून खाजवायचं सुचत नव्हतं. घरी आल्यावर तिने काटा ओढून खोलीच्या मधोमध ठेवला आणि वजनांची पेटी आणून दिली. ती खुर्चीवर बसली. मास्तरांनी तळ उघडला, तरफ जागेवर आणली, चिमट्याने एकेक वजन ठेवून ताडून पाहिलं. दोन तास लागले. झाल्यावर ती म्हणाली, "महिनाभर मी मरायची तयारी करत होते. तुम्ही बिस्किटं खात होता."

मास्तरांनी मान खाली घातली. थोड्या वेळाने वर पाहिलं तर ती डोळे पुसत होती आणि हसतही होती. म्हणाली, एक बरं झालं, भात लावता यायला लागला तुम्हाला. आजपासून तुम्हीच लावायचा. माझ्यापुरता जास्त, तुमच्यापुरता कमी.

पुढचे सहा आठवडे मास्तरांना कुणी विचारू नये. सकाळी ती पुढे आणि हे मागे, पाऊण तास चालणं. बेकरीवरून जाताना ती त्यांचा हात धरायची. लोकांना वाटायचं, काय प्रेम आहे. अंघोळ झाली की ती स्वतः त्यांच्या पाठीला क्रीम चोपडायची, तेही जरा जोरातच. मास्तर तक्रार करत नसत. पाठीच्या मधोमध पोचणारा हात देवाने दिला होता, फक्त तो स्वतःचा नव्हता, हे त्यांना साठीच्या तोंडावर उमगलं.

तीन महिने भरले तेव्हा खऱ्या काट्यावर खरे एकशे एक. आठ किलो काही उतरले नाहीत, पाचच्या आसपास उतरले. पण पोटाच्या घडीखालची जागा सुकली, मान साफ झाली आणि हातांवर पुसट गुलाबी डाग राहिले. डॉक्टर म्हणाली, श्रेय वजनाला किती, मलमाला किती आणि बायकोच्या हाताला किती, ते मला मिलिग्रॅममध्ये नका विचारू. जोरकस औषधं मात्र तूर्त राहू द्या.

प्रयोगशाळेत बाई वाटच बघत होत्या. मास्तरांनी पेटी खाली ठेवली आणि आपणहून दोन्ही हात पुढे केले. डाव्या करंगळीच्या मुळाशी एक डाग अजून आहे, तेवढा सोडून बाकी बरं आहे, असं सांगितलं. लपवायचं त्यांच्या मनातही आलं नाही. लपवण्याचा कोटा संपला होता. मग ते म्हणाले, बोलण्यावर जाऊ नका, तराजूलाच विचारा. त्यांनी काचेची झडप सरकवली, शून्य केलं, दोन्ही हात पारड्यावर धरले आणि एकमेकांवर दहा वेळा चोळले. हात बाहेर काढले, झडप बंद केली आणि दोघंही श्वास रोखून उभे राहिले.

आकडे थरथरले. वर गेले, खाली आले, आणि थांबले. शून्य, शून्य, शून्य, आणि शेवटच्या घरात दोन.

"हे दोन कसले?" बाईंनी विचारलं.

मास्तरांनी खोटं बोलायला तोंड उघडलं असतं तर सांगता आलं असतं, हवेचा झोत म्हणून. ते म्हणाले, माझेच असतील. बाईंनी ब्रशने पारडं पुसलं, पुन्हा शून्य केलं आणि मास्तरांना न सांगता झडप नुसतीच उघडून बंद केली. शेवटच्या घरात पुन्हा दोन.

"हवेचे आहेत," बाई म्हणाल्या. "चला, कामाला लागा."

मास्तरांनी चिमटा उचलला आणि वजन पारड्याच्या बरोब्बर मधोमध बसवलं. संध्याकाळपर्यंत चारही तराजू तपासून झाले. कागदावर सही करताना बाईंनी सहज विचारावं तसं विचारलं, हात कशाने बरे झाले? मास्तरांनी सगळं सांगितलं, तेल आणि बिस्किटांसकट. बाई हसल्या. उठून त्यांनी दार लोटून घेतलं.

"मास्तर, माझ्या घरी एक काटा आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तो जरा पुढे असावा, असं मला बरेच दिवस वाटतंय. बघाल का?"

मास्तर पेटी बंद करत होते. त्यांनी क्षणभर बाईंकडे पाहिलं, मग मोठ्या मायेने म्हणाले, "रविवारी येतो. पण बाई, आधीच सांगून ठेवतो, मी तो बरोबर करून देणार."